मधला दीड मीटर

पुण्यात ज्याच्याकडे गॅरेज आहे त्याची गाडी रस्त्यावर असते आणि ज्याच्याकडे गॅरेज नाही त्याची गाडी पहिल्याच्या गॅरेजसमोर असते. शहराची पार्किंगव्यवस्था एवढ्या एका वाक्यात संपते. बाकी सगळा तपशील.

तो तपशील पाहायचा असेल तर प्रभात रोडच्या गल्ल्यांतून, मॉडेल कॉलनीतून किंवा सहकारनगरातून संध्याकाळी एक चक्कर मारावी. बंगल्यांची गॅरेजं उघडी दिसतात. एकात पोळी-भाजी केंद्र, शेजारी पिको-फॉल. पुढच्यात होमिओपॅथीचे डॉक्टर, त्याच्यापुढे दहावीचं गणित. कुठल्यातरी आतल्या गल्लीत कथकचा तत्कार चाललेला असतो आणि शटरच्या पट्ट्या लयीत थरथरत असतात. या सगळ्यांच्या शटरवर मजकूर मात्र एकच: ‘गॅरेजसमोर वाहन लावू नये. गाडी बाहेर काढण्यास अडथळा होतो.’ जी गाडी आत कधी गेलीच नाही, तिला बाहेर पडायला अडथळा होऊ नये म्हणून इतकी पोटतिडीक दुसऱ्या कुठल्या शहरात दिसणार नाही.

यात पुणेकरांचा दोष नाही. गॅरेज म्हणजे नेमकं काय, याबद्दल खुद्द कायद्याचंच मन बराच काळ द्विधा होतं. 1963च्या महाराष्ट्राच्या सदनिका-मालकीच्या मोफा कायद्यात ‘सदनिका’ या शब्दाची व्याख्या आहे: राहण्याची, ऑफिसची, दुकानाची, गोदामाची स्वतंत्र जागा. आणि शेवटी कंसात, जाता जाता सांगितल्यासारखं, ‘गॅरेजसुद्धा’. म्हणजे गॅरेज ही सदनिका! या कंसावर बिल्डरांनी वर्षानुवर्षं संसार केला. इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत पांढरे पट्टे मारायचे, त्याला गॅरेज म्हणायचं आणि वेगळे पैसे घेऊन विकायचं. दहिसरच्या एका सोसायटीचं असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2010मध्ये न्यायालयाने सांगितलं की खांबांखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सगळ्यांच्या सामाईक वापराची आहे, बिल्डरला ती विकता येणार नाही. पुढे 2016च्या रेरा कायद्याने व्याख्याच करून टाकली: ज्याला छप्पर आहे आणि तीन बाजूंना भिंती आहेत ते गॅरेज.

छप्पर आणि तीन भिंती. चौथ्या भिंतीचा प्रश्न कायद्याने ज्याच्या त्याच्यावर सोडला. आपल्याकडे चौथ्या बाजूला शटर लावतात आणि शटर खाली ओढलं की आत काय आहे हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

आमच्या शेजारच्या काकांचं गॅरेज या व्याख्येत चोख बसणारं आहे. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. बंगला सहकारनगरात, सत्तरच्या दशकातला, खाली तीन खोल्या, वर दोन. गॅरेज प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात, घरापासून सुटं. मध्ये दहा फुटांचा कोबा. गॅरेज बांधलं तेव्हा काकांकडे चारचाकी नव्हती, चेतकसाठी नंबर लावलेला होता. त्या काळी चेतकचा नंबर लागायला इतकी वर्षं लागत, की गॅरेज आधी बांधून ठेवणं हा आशावादाचा भाग होता. चेतक आली, गेली, मग एक फियाट आली, तीही गेली. गॅरेजला रिकामं राहणं माहीत नव्हतं. एकेक वस्तू आत मुक्कामाला आली. मुलांच्या सायकली, गणपतीचं मखर, चार पिढ्यांची पितळी भांडी, पाण्याचा पंप. शेवटी काकूंची घरगुती गिरणी आली आणि गॅरेजचं भवितव्य ठरलं. आता तिथे भाजणी, थालीपीठाचं पीठ, उपासाचं पीठ अशी वर्गवारी आहे आणि दुपारी बाराच्या सुमारास निम्मी गल्ली डबे घेऊन रांगेत असते.

अडचण पावसाळ्याची. घरातून गॅरेजमध्ये जायला ते दहा फूट ओलांडावे लागतात. एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात छत्री, तिसरा हात साडी सावरायला हवा तो नाही. एका जुलैत राजगिऱ्याचं पीठ भिजलं आणि काकूंनी जाहीर केलं, “अहो, मध्ये चार पत्रे टाकून घ्या. गॅरेज घराला जोडायचं म्हणजे काही हावडा ब्रिज नाही बांधायचा.”

दुसऱ्या कोणी फॅब्रिकेटरला फोन केला असता. तो दुपारी येऊन, बोटाने हवेत मोजमाप घेऊन, संध्याकाळी हिरवं पॉलिकार्बोनेट टाकून गेला असता. पुण्याच्या बहुतेक साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागा, अशाच एका संध्याकाळीत हिरव्या झालेल्या आहेत. पण काका बँकेतले. त्यांनी आधी नियम वाचायचं ठरवलं आणि तिथेच पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया घातला गेला.

डिसेंबर 2020मध्ये राज्य सरकारने मुंबईसारखे काही भाग वगळून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तळजाई टेकडीवरच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर तिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, सुनेचं नाव घ्यावं इतक्या सरावाने. काकांनी तिची प्रिंट काढली, स्पायरल करून घेतली आणि तळजाईवर फिरायला जाताना ती काखेत घेऊ लागले. खाजगी गॅरेजबद्दल त्यात जे आहे त्यावर त्यांनी पिवळ्या पेनने रेघा मारल्या. गॅरेज किमान अडीच मीटर बाय पाच मीटर असावं, कमाल तीन बाय सहा. बाजूच्या मोकळ्या जागेत बांधायचं असेल तर मूळ इमारतीपासून तीन मीटरच्या आत येऊ नये आणि रस्त्यापासून किमान साडेसात मीटर लांब असावं.

हीच फूटपट्टी एका प्रसिद्ध गॅरेजला लावून पाहा. अमेरिकेत पॅलो अल्टोमध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी 1938मध्ये ज्या गॅरेजात काम सुरू केलं, ज्याला आता सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून पाटी लावली आहे, ते बारा बाय अठरा फुटांचं होतं. म्हणजे रुंदी साडेतीन मीटरच्या वर. काकांनी हिशेब करून सांगितलं की आपल्याकडे त्यांचा प्लॅन पास झाला नसता.

“तीन मीटर म्हणजे दहा फूट,” काका म्हणाले. “आपल्या मधलं अंतर दहा फूट. आमच्या वडिलांनी गॅरेज अगदी नियमाच्या रेघेवर बांधलंय.”

“मग रेघेवरून पाऊस का पडतो?” काकूंनी विचारलं.

नेमका त्याच सुमारास न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला. त्याच्याही घरामागे सुटं गॅरेज आहे. त्याला ते वाढवायचं होतं, पण त्याच्या गावच्या नियमात सुट्या बांधकामाला उंची आणि क्षेत्रफळाची मर्यादा कडक. गावच्या बांधकाम अधिकाऱ्यानेच त्याला तोड सुचवली होती: घर आणि गॅरेज यांच्यामध्ये छप्पर असलेली एक पडवी काढ. दोन्ही एका छपराखाली आली की गॅरेज हे सुटं बांधकाम उरत नाही, मूळ घराचाच भाग होतं.

व्हिडिओ कॉलवर बापलेक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे तुला जोडलं नाही तर परवानगी नाही?”

“हो बाबा. आणि तुम्हाला?”

“मला जोडलं तर परवानगी नाही.”

“वा,” काकू मागून म्हणाल्या, “दोघं मिळून एक गॅरेज बांधा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे.”

मुलाने पुढे तिकडच्या आणखी अटी सांगितल्या. गॅरेज आणि घर यांच्यामधली भिंत अर्धा इंच जाडीच्या जिप्सम बोर्डाने मढवायची. मधलं दार भरीव लाकडाचं किंवा वीस मिनिटं आगीला तोंड देईल असं हवं. आणि गॅरेजमधून झोपायच्या खोलीत थेट दार उघडता कामा नये. ही शेवटची अट ऐकून काका चमकले. गाडीचा धूर झोपलेल्या माणसापर्यंत जाऊ नये ही त्यामागची काळजी योग्यच आहे. पण पुण्यात कित्येक घरांत गॅरेज हीच झोपायची खोली असते. तिथे कॉट असते, टेबलफॅन असतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असतात आणि जळगावहून किंवा लातूरहून आलेला एक मुलगा असतो. धूर बाहेरून येतो, कारण गाडी रस्त्यावर असते.

प्रकरण मग तळजाईच्या कट्ट्यावर गेलं. त्या कट्ट्यावर निवृत्त माणसांच्या अनुभवाची बेरीज काही शतकांच्या घरात जाते आणि कुठल्याही प्रश्नाचा निकाल पोह्यांची वेळ होण्याआधी लागतो. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले होते ते म्हणाले, “छप्पर घालू नका. पर्गोला करा. नुसत्या पट्ट्या. वरून उघडं.”

“पावसाचं काय?”

“पाऊस येणार. पण बेकायदा येणार नाही.”

एलआयसीवाल्यांचा विश्वास निसर्गावर. त्यांनी दोन तारा ओढून वर मधुमालती चढवायला सांगितलं. वेल हे बांधकाम नव्हे, एफएसआयमध्ये मोजत नाहीत, शिवाय फुलं. काकांनी ही सूचना घरी नेली. मधुमालतीला दाट व्हायला किती वर्षं लागतात हे काकूंनी विचारलं आणि सूचना तिथेच सुकली.

महसुलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कट्ट्यावर क्वचित बोलतात, पण बोलले की बाकीचे फुटाणे खायचे थांबतात. ते म्हणाले, “2017चे प्रशमित संरचनेचे नियम माहीत आहेत का? 31 डिसेंबर 2015पर्यंत झालेली अनधिकृत बांधकामं दंड भरून, अटींत बसली तर, नियमित करायची सोय होती. तुम्ही त्याआधी पत्रे टाकले असतेत, तर निदान अर्ज तरी करता आला असता. तुम्ही वेळेवर बेकायदेशीरपणा केला नाहीत, आता कशाच्या आधारावर नियमित करणार?”

काका गप्प. आयुष्यभर व्हाउचरं तपासून सही करणाऱ्या माणसाला, कायदा पाळल्यामुळे आपण एका सवलतीला मुकलो हे कळतं तेव्हा जे वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“आणि आता बांधलंत आणि अनधिकृत ठरलं,” महसूलवाले पुढे म्हणाले, “तर मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती. कायद्यात कलमच आहे. गंमत म्हणजे त्यातच असंही लिहिलंय, की शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये.”

“म्हणजे पैसे घेणार, पण पावती देऊन सांगणार की तुमचं चुकलंच आहे?”

“पावती मिळते हे काय कमी आहे?”

इतकं झाल्यावर काकांनी नियमावलीची पुन्हा पारायणं केली आणि एका रात्री त्यांना मार्ग सापडला. मोकळ्या जागेत छज्जा काढायला परवानगी आहे, पाऊण मीटरपर्यंत. घराला भिंत आहे, भिंतीला छज्जा. गॅरेजलाही भिंत आहे, तिलाही छज्जा. घराचा पाऊण मीटर इकडून, गॅरेजचा पाऊण मीटर तिकडून. झालं दीड मीटर. एकूण अंतर तीन मीटर. उरला मधला दीड मीटर.

काकांनी याचा ग्राफ पेपरवर स्केलमध्ये नकाशा काढला. पाऊस तिरक्या रेघांनी दाखवला. काकूंना समजावून सांगितलं, की आता फक्त दीड मीटर भिजावं लागेल, म्हणजे भिजण्यात पन्नास टक्के कपात. काकूंनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. पण भिजलेलं पीठ अर्धं भिजलं म्हणून चालत नाही.”

मग काकांनी शेवटचा उपाय केला, जो पुण्यात फार कमी लोक करतात. ते स्वतःहून विचारायला गेले. सरकारी दप्तरात कोणी आपणहून विचारायला आलं की आधी सगळे जरा घाबरतात. पण अभियंता तरुण होता, सभ्य होता. त्याने काकांचा ग्राफ पेपर कौतुकाने पाहिला. म्हणाला, “काका, इतका स्वच्छ नकाशा आमच्याकडे येत नाही. मी जाता जाता जागा बघून जातो.”

तो आला तेव्हा पाऊस नेमका थांबला होता. काकूंनी चहा ठेवला, सोबत भाजणीचे वडे. त्याने टेप काढली, मधलं अंतर मोजलं: तीन मीटर पाच सेंटिमीटर. “उत्तम,” तो म्हणाला. रस्त्यापासूनचं अंतर मोजलं. “तेही उत्तम.” मग गॅरेजचं शटर वर करून आत गेला.

आत गिरणी होती. गिरणीशेजारी पिठाचे डबे, त्यांवर खडूने नावं. भिंतीला लोखंडी मांडणी, त्यावर मखर आणि पितळी भांडी. कोपऱ्यात काकांची दुपारची कॉट, उशाशी स्पायरल केलेली नियमावली.

“काका, गाडी?”

काकांनी गेटकडे बोट केलं. बाहेर रस्त्यावर, लाल-निळ्या प्लास्टिकने झाकलेली सात आसनी गाडी उभी होती. मुलाने घेऊन दिलेली. तो वर्षातून एकदा तीन आठवडे येतो तेव्हा सगळ्यांना एकत्र महाबळेश्वरला जाता यावं म्हणून. उरलेलं वर्ष ती गाडी गल्लीतल्या मांजरांच्या ताब्यात असते.

अभियंत्याने टेप गुंडाळली. आवाज मुळीच चढवला नाही. म्हणाला, “काका, तुमच्या मंजूर नकाशात हे गॅरेज आहे. गाडीचं. माझ्या कागदावर इथे अडीच बाय पाचची गाडी उभी आहे आणि बाहेर रस्ता मोकळा आहे. तुम्ही म्हणताय, घर आणि गॅरेज जोडायचं. पण हे गॅरेज तर केव्हाच घर झालंय. आता जोडायची परवानगी मागितलीत, तर मला लिहावं लागेल की काय कशाला जोडायचं आहे. लिहू?”

काका म्हणाले, “वडे घ्या अजून.”

तो गेल्यावर काकांनी अर्जाचा मसुदा फाडला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी आत घ्यायची मोहीम सुरू झाली. 2018च्या सुमारास पुण्यात नोंदणी झालेली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी आली होती, तेव्हाही काका इतके अस्वस्थ झाले नव्हते. आता मात्र त्यांना आपली एक गाडी रस्त्यावर आहे याचा सल वाटू लागला. गॅरेज रिकामं केलं. शटर पूर्ण वर केलं. गाडी आत घेतली.

गाडी बरोबर बसली. एवढी बरोबर, की काका बाहेर येऊ शकेनात. गाडीची रुंदी एक मीटर ऐंशीच्या आसपास, गॅरेजची अडीच. डाव्या भिंतीला गाडी टेकवली तर उजवीकडे माणूस बाहेर पडेल इतकी जागा उरते, पण त्या बाजूला पाण्याचा पंप आहे आणि पंपाचा पाइप ड्रायव्हरच्या दाराच्या नेमक्या मध्यावर येतो. काकांनी दार उघडलं, ते चार बोटं उघडून पाइपला टेकलं. आतून त्यांनी काच खाली केली आणि शांतपणे विचारलं, “नियमावलीत माणूस बाहेर यायचं काही आहे का गं?”

शेवटी पद्धत ठरली. काकांनी गाडी मागे घेऊन गॅरेजच्या तोंडाशी आणली, न्यूट्रलमध्ये टाकून ते खाली उतरले आणि आम्ही दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून तिला मागून आत ढकललं. बाहेर काढताना ओढायला काही नसतं म्हणून काढत नाही. महाबळेश्वरला गाडी भाड्याने करायची असं ठरलं आहे. मुलगाही म्हणाला, तेच सोयीचं. त्याची पडवी मंजूर झाली, जिप्समची भिंत झाली, वीस मिनिटांचं दार बसलं. जोडलेलं गॅरेज आता इतकं हाताशी आलं, की घरातलं सगळं सामान तिथे गेलं आणि त्याची गाडी ड्राइव्हवेवर, बर्फात उभी असते.

इकडे सहकारनगरात अनुक्रम उलटा. गिरणी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आली. डबे शोकेसमध्ये, मखर जिन्याखाली, पितळी भांडी देवघरात, काकांची कॉट पाहुण्यांच्या सोफ्याच्या जागी. डबे घेऊन येणारी मंडळी थेट बैठकीत येऊन बसतात आणि पीठ होईपर्यंत काकांकडून नियमावली ऐकतात. परवा मी गेलो तेव्हा गिरणी चालू होती, त्यामुळे काकूंना जरा ओरडूनच बोलावं लागलं.

“बघा, ह्यांनी करून दाखवलं! गॅरेज घराला जोडायचं म्हणत होते ना? सगळं गॅरेज घरात आणून ठेवलं! एक पत्रा लागला नाही!”

“आणि साइड मार्जिन पूर्ण मोकळी,” काका कॉटवरून म्हणाले.